मालनची गाठ आणि तिठ्यावरचा उतारा

भोईवाड्याच्या चाळीत कुणाचं पोर किरकिर करायला लागलं की हाक यायची दौलत परबाला. मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळायच्या, तिठ्यावर टाकायच्या आणि मागे न बघता सरळ घर गाठायचं. आईने मालवणात शिकवलेलं. तसा गडी चिंचपोकळीच्या कारखान्यात लेथ मशीनवर, केसाएवढा फरक पकडणारा. पण या कामात शंका म्हणून घेतली नाही कधी.

दोन वर्षांमागे त्याच्या बायकोची, मालनची, किडनीतली गाठ काढायची ठरली. मालन आत तपासणीला गेलेली, तेव्हा डॉक्टर सुचित्राबाईंनी त्याला बाजूला घेतलं. गाठीचा तुकडा बर्फात जपून ठेवू का म्हणाल्या, दुखणं उलटलं तर कामाला येईल. दौलतच्या अंगावर काटाच आला. बायकोच्या अंगातून निघालेली पीडा, ती जपून ठेवायची? उद्या माग काढत परत आली तर?

"जाळून टाका मॅडम," तो म्हणाला. "नावनिशाणी नको."

बाईंनी परोपरीने समजावलं. हा ऐकेल तर शपथ. मालनला विचारावं हे तर डोक्यातही आलं नाही त्याच्या.

यंदा गणपती झाले आणि दुखणं उलटलं. फुप्फुसात पसरलं. नेहमीची औषधं हरली. बाईंनी पुन्हा बोलावून नीट फोड करून सांगितलं. रक्तात डेंड्रिटिक पेशी असतात, पहारेकऱ्यासारख्या. त्या बाहेर वाढवायच्या, पेशंटच्याच गाठीचा अंश त्यांना दाखवायचा आणि परत अंगात सोडायच्या. मग त्या लढणाऱ्या पेशींना चोराची ओळख पटवून देतात. चाचणी चालू आहे, गुण येईलच असं नाही, पण तो तुकडा जपलेला असता तर मालन त्यात बसली असती. तपासणीसाठी मेणात ठेवलेला कण होता, तो औषधात मुरलेला, या कामाला चालत नाही. नवा तुकडा काढायला सुरी लावावी तर मालनचा श्वास तेवढं सोसणार नाही.

"म्हणजे चोराचा फोटो मीच जाळला," दौलत म्हणाला.

बाईंनी फाइल मिटली. चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मालन खाटेवरून म्हणाली, सगळ्या चाळीची दृष्ट काढता, बायकोच तेवढी राहिली. त्याने ओवाळलं. कोर्टाजवळच्या तिठ्यावर टाकलं, चार पावलं आला आणि जन्मात पहिल्यांदा मागे वळला. मिरच्यांवरून एक टॅक्सी गेली. बाकी काही नाही.

"मागे नाही ना बघितलंत?" मालनने सवयीने विचारलं.

"बघितलं."

"झालं. आता परत काढा," ती हसली, आणि हसता हसता खोकली.

तो तिच्या पायाशी बसला आणि तुकडा जाळायला सांगितला त्या दिवशीचं सगळं सांगून टाकलं. मालन पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिली. नळाला पाणी आलं, शेजारच्या सुनंदाने हाक दिली, दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"मला विचारायचं होतंत," शेवटी ती म्हणाली. "मी ठेवा म्हटलं असतं."