मैदानावरची मेंढरं

दादांना, माझ्या वडिलांना, जाऊन दोन महिने झाले. त्याआधीचं दीड वर्ष मी त्यांच्यापासून एक गोष्ट लपवून ठेवली होती. ती चुकून तोंडातून निघू नये म्हणून मी त्यांच्याशी बोलणंच कमी करत गेले.

आमचं घराणं परभणीजवळच्या पेडगावचं, मेंढरं राखणारं. दादा मात्र सतराव्या वर्षी हैदराबादला गेले, निजामाच्या पलटणीत भरती झाले आणि तिथे फुटबॉल शिकले. त्या वेळी सगळे अनवाणीच खेळायचे. पोलीस ॲक्शननंतर पलटण मोडली आणि दादा एका गिरणीच्या फाटकावर रखवालदार झाले. आई तिथेच वारली. मी तिथल्याच मराठी शाळेतून मॅट्रिक झाले. छप्पन्न साली हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले, तेव्हा आम्ही परभणीला परतलो. मला मुलींच्या शाळेत नोकरी लागली. दादा दीड वर्ष रिकामे होते. सकाळी उठून दाढी करायचे, शर्ट घालायचे आणि ओट्यावर बसून राहायचे.

अठ्ठावन्न सालच्या चैत्रात कॉलेजच्या फुटबॉल टीमचे कोच आपल्या तेलुगू मुलखात निघून गेले. ती जागा दादांना मिळाली, एका वर्षापुरती. त्या टीमने तोवर बाहेरच्या कॉलेजाशी एकही मॅच जिंकलेली नव्हती.

पहिल्या दिवशी मी त्यांच्याबरोबर मैदान बघायला गेले होते. मुरमाड, चोपलेली, उन्हाने पांढरी पडलेली जमीन. मानवतचा भुजंग हा गोलकीपर. बॉल त्याच्या हाताच्या दोन वितींवरून आत जात होता आणि तो उभ्या उभ्या बघत होता.

"अरे, अंग टाक की!" दादा ओरडले.

"उस्ताद, हितं अंग टाकलं की सालटं निघतंय. मागल्या साली माझी कोपरं बघून माय म्हणली, तुला कॉलेजात शिकवायलेत का रंधा मारायलेत?"

पोरं हसली. दादाही हसले. पण घरी येताना फाटकाशी आल्यावर म्हणाले, "पोरं भिऊन खेळायलीत, नर्मदे. पडायची भीती गेल्याबिगर फुटबॉल येत न्हाई. गवत पाहिजे."

दुसऱ्या आठवड्यात ते पेडगावला जाऊन माझे चुलते येडबाकाका यांना घेऊन आले. आमच्याकडे उन्हाळ्यात शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. रात्रभर कळप बसला की लेंडी आणि मूत जमिनीत मुरतं आणि पुढचं पीक जोमाने येतं. त्यासाठी शेतकरी मेंढक्याला धान्य देतो. दादांना हेच मैदानावर करायचं होतं. प्रिन्सिपॉलसाहेबांना आधी ती थट्टा वाटली.

"मैदानावर मेंढरं?"

"पंधरा दिस, साहेब. माझ्या भावाचीच हायेत. काही देऊ नका. फक्त व्हय म्हना."

साहेबांनी होकार दिला. तीनशे मेंढरं आणि चाळीसेक शेळ्या कॉलेजच्या मैदानावर उतरल्या. गावातली माणसं तमाशा बघायला यावी तशी यायची. शेळ्यांसाठी येडबाकाका बाभळीचे फाटे तोडून आणायचे. शेळ्या पाला ओरबाडून खायच्या, काटे तिथेच राहायचे. कळप हलला तेव्हा दादांनी मोठे फाटे गोळा करून कुंपणाला लावले. बारीक काटे लेंड्यांबरोबर मातीत गेले. मग नांगराच्या एका फेऱ्याने माती उलथली, हरळी लावली, वर पाटा फिरवला.

श्रावणात ते मैदान मी पाहिलं तेव्हा मला खरोखर ओळखू आलं नाही. भुजंग त्यावर आडवा पडून लोळत होता.

"उस्ताद, आता बॉल आला न्हाई तरी मी पडनार!"

त्या दिवसांतले दादा मी त्याआधी कधी पाहिले नव्हते आणि नंतरही दिसले नाहीत. शिट्टी वाजवण्याऐवजी ते जिभेने मेंढरं वळवायचा आवाज काढायचे आणि अकराच्या अकरा पोरं डावीकडे वळायची.

त्यांत बोरीचा मुंजाजी होता. डाव्या कडेने पळायचा. काटकुळा, लांब पायांचा, सतत भुकेला. वसतिगृहात पोट भरत नाही म्हणून आठवड्यातून दोनदा आमच्याकडे जेवायला यायचा आणि माझी पुस्तकं चाळून जागेवर ठेवायचा.

"ताई, तुमी येवढं वाचता, मंग सांगा, माणसाला चौथी भाकर लाजंबिगर कशी मागावी?"

दादा हसत हसत पाटीतली भाकरी त्याच्या ताटात टाकायचे. मला त्यांनी इतक्या सहजपणे कधी वाढलं नव्हतं. याचं मला वाईट वाटत नसे. त्यांना मुलगा नव्हता, आणि असता तर असाच असता, हे मलाही दिसत होतं.

त्या वर्षी स्पर्धेत बूट सक्तीचे होते. कॉलेजने प्रत्येकाला एकेक जोड दिला. दादांनी सगळे जोड तेल लावून कपाटात ठेवले. "बूट मॅचला. सरावाला अनवाणी. पायाला जमीन कळू द्या." पोरांना ते बरंच वाटलं. बुटांची सवय होती कोणाला?

भाद्रपदात नांदेडच्या टीमशी बरोबरी झाली. आमच्या मैदानावर पुढची मॅच दोन गोलांनी जिंकलो. दोन्ही गोल मुंजाजीचे. दसऱ्याला तिसरी जिंकलो. आणखी एक जिंकली की औरंगाबादला शेवटच्या चार टीममध्ये जाणार होतो. प्रिन्सिपॉलसाहेबांनी दादांना बोलावून सांगितलं, "आश्रुबा, जागा कायमची करायला मी वर लिहिलंय."

त्याच आठवड्यात सराव चालू असताना मुंजाजीच्या टाचेत काटा मोडला. बाभळीचाच, बोटाच्या पेरभर. दादांनी त्याचा पाय मांडीवर घेतला, सुईने काटा काढला आणि वर रुईचा चीक सोडला. आमच्याकडे काट्यावर हेच करतात. आठवडाभरात जखम बुजली. चौथ्या मॅचमध्ये तो बूट घालून खेळला, आणि एकमेव गोल त्याच्याच पासवर झाला.

मॅचनंतर तिसऱ्या दिवशी तो जेवायला आला. एकच घास खाल्ला आणि हात थांबला.

"चावता येईना, ताई. जबडा धरल्यावानी झालाय."

"चौथ्या भाकरीची लाज वाटायली वाटतं," दादा म्हणाले.

तो हसायला गेला, तेव्हा त्याचा चेहरा विचित्र ताणला गेला. दादांच्या तोंडावरचं हसू तिथेच गेलं. अर्ध्या तासात आम्ही त्याला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं.

पाच दिवस तो तिथे होता. खोलीत अंधार ठेवला होता, कारण उजेड पडला तरी अंग कमानीसारखं वाकायचं. भांडं वाजलं तरी वाकायचं. बोरीहून त्याची आई भिवराबाई आली होती. ती दाराशी बसायची. तिला आत जाऊन त्याला हात लावायची मनाई होती, कारण हात लागला तरी तेच व्हायचं.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. दादा औषध आणायला गेले होते.

"काटा कुठे लागला होता?"

"कॉलेजच्या मैदानावर."

"तिथे जनावरं बसतात?"

"उन्हाळ्यात मेंढरं बसवली होती. गवतासाठी."

त्यांनी लिहायचं थांबवलं. मग शिकलेल्या माणसाशी बोलावं तसं शांतपणे त्यांनी मला समजावून सांगितलं. धनुर्वाताचे जंतू जनावरांच्या लेंडीत, लिदीत असतात. मातीत ते वर्षानुवर्षं राहतात. काट्याबरोबर आत खोल जातात आणि वरून जखम बुजली की आत वाढून विष सोडतात. त्याच दिवशी सुई दिली असती तर कदाचित वाचला असता.

"मेंढरं बसवायची कल्पना कोणाची?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "माहीत नाही."

दादा बाटली घेऊन जिन्यावरून येत होते.

मुंजाजी दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. त्याला बैलगाडीत घातलं तेव्हा भिवराबाईने दादांसमोर पदर पसरून डोकं टेकवलं. "उस्ताद, माझ्या लेकासाठी तुमी लय केलं. पाच दिस तुमी डोळा लावला न्हाई. जलमाच्या बापानं बी केलं नसतं." दादा मागे सरकले. त्यांची पाठ भिंतीला लागली.

टीम औरंगाबादला गेली, कारण न जाण्याचा निर्णय कोणी घेतला नाही. पाच गोलांनी हरली. परत आल्यावर भुजंग मला भेटला. त्याच्या बोलण्यात थट्टेचा लवलेश नव्हता.

"ताई, उस्ताद मॅच बघतच नव्हते. आमच्या पायाकडं बघत बसले होते. मध्ये दोनदा येऊन बुटाच्या नाड्या तपासून गेले."

मी समजले, दुःखात माणूस असं करतो. दादांना काही कळलेलं नाही, ही माझी खात्री होती. लेंडीतलं विष त्यांना कोण सांगणार होतं? डॉक्टर फक्त माझ्याशी बोलले होते, आणि मी पुस्तकं वाचणारी होते, गोष्ट पोटात ठेवणारी होते. ही माझ्या हुशारीची समजूत होती.

पौषात भिवराबाईने हुरड्याला बोलावणं पाठवलं. दादा गेले. परत आले ते तसेच उपाशी. त्याच महिन्यात त्यांनी नोकरी सोडली. कायमची जागा मंजूर झाल्याचा कागद आल्यानंतर चार दिवसांनी. ते पेडगावला जाऊन भावाबरोबर मेंढरांमागे फिरू लागले. मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. एका घरात राहून रोज त्यांच्या तोंडाकडे बघणं अवघड झालं होतं.

पंधरवड्याला ते माझ्याकडे यायचे. उंबऱ्यातच थांबून आधी माझ्या पायांकडे बघायचे.

"पायात घालत जा, नर्मदे."

"घरात कशाला, दादा?"

"घाल म्हणलं ना."

मी चपला घालायचे. चहा व्हायचा. शाळा कशी आहे, ते विचारायचे. चांगली आहे, मी म्हणायचे. मग ते जायचे. दीड वर्ष आम्ही एवढंच बोललो.

या वर्षी मे महिन्यात, नवं राज्य होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते, तेव्हा ते एका रानात कोसळले. छातीत कळ आली, एवढंच. दहाव्याला आम्ही नदीवर बसलो होतो. पिंडाला कावळा शिवत नव्हता. येडबाकाका कंटाळून बोलू लागले.

"तुझ्या बापानं लय तकलीफ दिली बग मला. कळप रानातून हालला की हा मागं राहायचा. पाटी घिऊन येक येक काटा येचायचा. सगळं रान! पार सुईयेवढा काटा. आन् मालकाला सांगायचा, हितं पायात घातल्याबिगर कुनी फिरू नगा. लोक म्हणायचे, आश्रुबाचं डोकं फिरलं. दोघा-तिघांनी तर मेंढरं बसवायचंच बंद केलं."

मी विचारलं, "असं का करायचे ते?"

"त्या बोरीच्या पोराचं. दवाखान्यातल्या कंपाउंडरला इचारलं व्हतं त्यानं, पोरगं व्हतं तवाच, दुसऱ्या दिशीच. लेंडीतून झालं म्हणला तो." काका नदीकडे बघत होते. "मला म्हणला, नर्मदीला कळू दिऊ नगंस. ती वाचती, तिला येका शब्दात समजंल. मंग ती माझ्याकडं कशी बघंल?"

कावळा शिवला तेव्हा लोक उठले. मी तिथेच बसून राहिले.

दवाखान्यातच. म्हणजे मी जिन्याच्या वर "माहीत नाही" म्हणत होते, तेव्हा ते बाटली हातात घेऊन वर येत होते आणि त्यांना माहीत होतं. त्यानंतरच्या प्रत्येक चहाला त्यांना माहीत होतं. मी बोलणं कमी केलं, त्याचा त्यांनी काय अर्थ घेतला असेल, हे मला आता कोणी सांगू शकत नाही.

तेराव्यानंतर मी ते शेवटचं रान बघायला गेले. पेडगावच्या माणिकरावांचं. बांधाकडची निम्मी बाजू स्वच्छ होती. जिथे ते पडले तिथपासून पुढे काटे तसेच होते. बांधावर त्यांची पाटी होती, निम्मी भरलेली. सहा-सात बायका धसकटं वेचायला आल्या होत्या. सगळ्या अनवाणी.

मी बांधावरून हाक मारली. पुढच्या बाईला, बायनाबाईला मी ओळखत होते. मी तिला सगळं सांगितलं. मेंढरांची लेंडी, काटा, विष, बोरीचा मुलगा, तो कसा गेला. पहिल्यांदाच हे मी मोठ्याने बोलत होते. दीड वर्ष जे एका माणसाला सांगायचं राहिलं ते सहा-सात बायकांना सांगत होते, आणि माझा आवाज वर्गात असतो तसा स्पष्ट होता.

बायनाबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुजा बाप बी हेच म्हणायचा, बाई. पर वहाणा घालून धसकटं येचत्यात व्हय? आमचे पाय काय आजचे हायेत?"

मागच्या बायका हसल्या. त्यात वाईटपणा काही नव्हता. मग एकीमागून एक त्या रानात उतरल्या, न वेचलेल्या बाजूला.

मी पाटीतले काटे बांधावर ओतले आणि काडी लावली. काही वळवाच्या पावसाने ओले होते. ते पेटले नाहीत, नुसता धूर होत राहिला.