कुलूप, मांजर आणि मामा

बोदवडच्या बाजारात तोताराम तीस वर्षं धान्याची हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारत होते. ज्वारीच्या ढिगापाशी उभं राहून त्यांनी पहिली बोली पुकारली की रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवरही समजायचं, आज भाव कुठून सुरू झाला. होळीच्या आठ दिवस आधी, मक्याच्या ढिगासमोर, बोली पुकारता पुकारता त्यांची जीभ अडखळली. उजवा हात खाली लोंबला आणि ते तिथेच पोत्यावर बसले.

हातापायात हळूहळू ताकद आली. शब्द मात्र आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं समजतं. फक्त हवा तो शब्द सापडत नाही." कोकिळाबाईंना हे काही केल्या उमगेना. समजतं तर बोलता का येत नाही? चहा हवा असला की नवरा म्हणायचा, "टॉवेल." त्यांनी टॉवेल आणून दिला की चिडून फेकून द्यायचा आणि पुन्हा, जास्त जोरात, "टॉवेल!"

मुलगा ललित दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरीला होता. त्याने एप्रिलमध्ये दोघांना आपल्या क्वार्टरवर आणलं. दर गुरुवारी जळगावला मोनाली मॅडमकडे न्यायचं ठरलं. त्या बोलणं परत शिकवायच्या. चित्रांचे पत्ते समोर धरायच्या. "नाना, हे काय आहे?" चित्रात बादली होती. तोताराम बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बुधवार." आपण चुकलो हे त्यांनाही कळलं. त्यानंतर त्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं नाही.

ललितला बऱ्याचदा रात्रपाळी असायची. सकाळी तो आतल्या खोलीत झोपला की कोकिळाबाई टीव्हीचा आवाज पार बंद करून टाकायच्या. आवाजाशिवाय कीर्तन बघण्यात अर्थ नव्हता. बातम्यांमधली माणसं नुसती तोंडं वासून भांडताना दिसायची. क्रिकेट तोतारामना आवडायचं, पण आता ते तिकडे बघतही नसत. ललितने एकदा प्रेमानेच विचारलं होतं, "नाना, हा कोण खेळतोय, ओळखा." ज्याची सगळी कारकीर्द पाठ होती, त्याचं नाव काही केल्या ओठांवर येईना. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच.

मे महिन्यातल्या एका सकाळी डाव्या हाताने रिमोटची बटणं दाबता दाबता तोताराम एका चॅनेलवर थांबले. हिरवंगार मैदान, पांढऱ्या विजारी घातलेली धिप्पाड माणसं आणि मुसळासारखी गोल बॅट. बेसबॉल.

"हे काय लावलं?" म्हणून कोकिळाबाई रिमोट घ्यायला गेल्या, तर नवऱ्याने त्यांचा हात धरला. त्याही मेथी निवडत बसून राहिल्या.

कोकिळाबाईंना त्यातलं काही म्हणता काही कळलं नाही. चेंडू मारला की माणूस बॅट टाकून द्यायचा आणि गोल फिरून जिथून निघाला तिथेच परत यायचा, तर सगळे त्याच्या पाठीवर थापा मारायचे. मग गेला कशाला? एक जण तोंडाला जाळी बांधून मागे उकिडवा बसायचा आणि दोन मांड्यांच्या मधून बोटं दाखवायचा. एकाने तर चार चेंडू नुसते बघितले, मारला एकही नाही. मग बॅट ठेवली आणि शेजाऱ्याकडे निघाल्यासारखा रमतगमत पुढच्या खुणेवर जाऊन उभा राहिला. कोणी त्याला अडवलंसुद्धा नाही.

"अहो, हा काहून चालला?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

तोतारामनी खांदे उडवले. त्यांनाही माहीत नव्हतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. आजारपणानंतर ते हसू कोकिळाबाई पहिल्यांदाच बघत होत्या, आणि नवरा नेमका कशाला हसतोय हे काही त्यांना कळलं नाही.

त्यानंतर रोज सकाळी तेच. चहा झाला की चॅनेल लागायचं. आठवड्याभराने एक उंच खेळाडू बॅट घेऊन आला तेव्हा तोताराम अचानक म्हणाले, "कुलूप."

कोकिळाबाई उठल्या, दार बघून आल्या. कडी लावलेली होती. "लावली आहे कडी," त्या म्हणाल्या.

"कुलूप!" त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

कोकिळाबाई बघत राहिल्या. तो खेळाडू प्रत्येक चेंडूआधी हातमोज्याचा पट्टा सोडायचा, आवळायचा, पुन्हा सोडायचा, पुन्हा आवळायचा. घरातून निघालेला माणूस चार वेळा मागे येऊन कुलूप ओढून बघतो, तसं. त्यांना हसू फुटलं आणि आतला ललित जागा होऊ नये म्हणून त्यांनी पदर तोंडात धरला.

पण शंका राहिलीच. हे नाव त्यांनी ठेवलं, की दुसराच कुठला शब्द शोधताना हा हाती लागला? दोन दिवसांनी एका बुटक्याने हवेत आडवं होत चेंडू झेलला, तेव्हा तोताराम म्हणाले, "मांजर." तेही बरोबर वाटलं. पण त्याच दुपारी भाकरी मागताना ते "छत्री" म्हणाले. कोकिळाबाईंनी गुरुवारी मोनाली मॅडमना हे सगळं सांगितलं. मॅडमनी वहीत लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "बघू द्या त्यांना. बोलतायत ना!"

जूनच्या मध्यावर तोतारामनी सकाळी उठल्या उठल्या "मामा" म्हणायला सुरुवात केली. चहा पिताना मामा, आंघोळीला जाताना मामा. कोकिळाबाईंचा धाकटा भाऊ जीवराम, म्हणजे ललितचा मामा, धुळ्याला असायचा. आजारपणात तो एकदाच येऊन गेला होता. त्यांनी लगेच फोन लावला. भावाशी बोलताना त्यांची भाषा आपोआप माहेरची व्हायची.

"जीवराम, तुन्हा दाजी तुले बलाई राह्यनात. सकायपासून मामा मामा करी राह्यनात."

पलीकडून दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला. "आक्का, मी निंघनू."

दुपारी दोनला तो आला. दुकान बंद करून, दोन बस बदलून, घामाने भिजून. आल्या आल्या त्याने तोतारामचे पाय धरले. "दाजी, मी उनू."

तोतारामनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, हसले, आणि त्याच्या खांद्यावरून टीव्हीकडे बघत म्हणाले, "मामा."

"आठेच शे ना मी!" जीवराम आणखी जवळ सरकला. दाजींना बरं वाटावं म्हणून त्याने क्रिकेटचा जुना सामना लावला. तोतारामनी डोळे मिटून घेतले. "मामा, मामा," ते वैतागून म्हणत राहिले आणि जीवराम "बोला ना दाजी, मामा आठेच शे" म्हणत त्यांचा हात दाबत राहिला. नेमकं काय बिनसलंय, हे कोणालाच कळेना.

दुसऱ्या दिवशी ललितला सुट्टी होती. सकाळी त्यानेच नेहमीचं चॅनेल लावलं, आणि आज आवाजही ठेवला. थोड्या वेळाने एक जाडजूड, पोट सुटलेला खेळाडू बॅट घेऊन आला. आल्या आल्या त्याने मागे जाळी बांधून बसलेल्या विरोधी खेळाडूच्या डोक्यावर टपली मारली, पंचांना काहीतरी विचारलं, पहिल्या रांगेतल्या एका बाईला हात केला. चेंडू मारून पळायला लागला तर डोक्यावरचं हेल्मेट उडालं. पुढच्या खुणेवर पोचला आणि तिथल्या विरोधी खेळाडूशीच गप्पा मारत उभा राहिला, लग्नात पंगतीमागे फिरून सगळ्यांची विचारपूस करणाऱ्या माणसासारखा.

तोतारामनी जीवरामच्या मांडीवर थाप मारली. "मामा!"

जीवराम पडद्याकडे बघत राहिला, मग बहिणीकडे. कोकिळाबाईंना कुठे तोंड लपवावं कळेना. या जाड्यासाठी त्यांनी भावाला धुळ्याहून पळवत आणलं होतं.

"हाऊ मामा?" जीवरामने विचारलं. तो रुसणार असंच वाटत होतं. पण त्याने आपल्या पोटाकडे बघितलं, पुन्हा पडद्यावरच्या पोटाकडे बघितलं आणि पाय पोटाशी घेऊन खाटेवर नीट बसला. "बरं. दखू दे मंग."

खेळ पुढे चालू राहिला तसा जीवरामचा गोंधळ वाढत गेला. तो घडोघडी विचारायचा आणि ललित "मला नाही माहीत मामा" म्हणायचा. एका खेळाडूने तिसऱ्यांदा हवेत बॅट फिरवली, चेंडू लागला नाही, पंचाने मूठ उगारली. आणि तो बाद झालेला माणूस एकदम जीव खाऊन पळत सुटला.

"हाऊ बाद व्हयना ना?" जीवराम ओरडला. "मंग पयना काब्र?"

"आता मात्र हद्द झाली," ललित म्हणाला.

तोतारामनी डावा हात वर केला. सगळ्यांना थांबवलं. मागे बसलेल्या जाळीवाल्याकडे बोट केलं. मग ओंजळ केली आणि बोटं सैल सोडली. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "सांडला," ते म्हणाले. "हातून... सांडला. म्हणून पय."

ललितने फोनवर शोधून बघितलं. खरंच तसा नियम होता. मागच्याने तिसरा चेंडू नीट पकडला नाही, तर बाद झालेल्यालाही पळता येतं. या घरात दीड महिना कोणी काही समजावून दिलेलं नसताना, आवाज बंद असलेल्या टीव्हीत बघून बघून त्यांनी ते स्वतःच ताडलं होतं. जीवराम म्हणाला, "दाजी, आखो सांगा." आणि तोताराम सांगायला लागले. निम्मं हातांनी, निम्मं चुकीच्या शब्दांत. जीवराम प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. त्यातलं त्याला किती समजलं कोण जाणे. तो एका दिवसासाठी आला होता, तीन दिवस राहिला.

ऑगस्टच्या सुरुवातीला टीव्हीवरचा मामा दिसेनासा झाला. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. त्याच्या जागी भलताच कोणी बॅट घेऊन यायचा. कोकिळाबाईंना वाटलं, दुखलंखुपलं असेल. तोताराम जेवेनात. चौथ्या दिवशी ललितने शोधून काढलं.

"त्याला दुसऱ्या संघाला दिलं, नाना."

"असं मधेच?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"असंच असतं त्यांच्यात. बदल्यात तीन नवी पोरं घेतली."

तोताराम बराच वेळ ओठ हलवत राहिले. मग स्पष्ट आवाजात म्हणाले, "हर्रास?"

कोकिळाबाईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं. हा शब्द पाच महिन्यांत त्या पहिल्यांदा ऐकत होत्या.

"हर्रास नाही, अदलाबदल," ललित म्हणाला. "आता तो पार दुसऱ्या टोकाच्या गावाला. सामानही पाठवून दिलं असेल."

तोताराम खाली बघत होते. डावा हात उजव्या मनगटावर फिरवत त्यांनी एकेक शब्द काढला. "त्याले... विचारलं?"

ललितने आईकडे बघितलं. एप्रिलमधल्या त्या दिवशी बोदवडच्या घराला कुलूप लावून, कपड्यांची पेटी गाडीत टाकून त्यांनी तोतारामना दीपनगरला आणलं होतं. डॉक्टरांना विचारलं होतं, गाडीवाल्याला विचारलं होतं, शेजाऱ्यांनाही विचारलं होतं. ज्यांना न्यायचं त्यांना काही बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांना विचारायचं राहून गेलं होतं.

कोकिळाबाई खाटेच्या कडेला बसल्या. "तुम्हाले घरी जायचं का?"

तोतारामनी वर बघितलं. शब्द शोधला, सापडला नाही. नुसती मान हलवली, एकदा, दोनदा, मग हलवतच राहिले. रडताहेत की हसताहेत हे दोघांनाही कळेना.

पोळा झाला आणि दोघं बोदवडला परत गेली. गुरुवारची जळगावची फेरी चालू राहिली, आता रेल्वेने. बाजारात तोताराम सकाळी तासभर जाऊन बसू लागले. पुकारायला उभे राहत नसत, पण ओळखीचे लोक ज्वारीची मूठ त्यांच्या हातावर ठेवायचे आणि ते "चांगली" किंवा "नही" म्हणायचे. कधी भलताच शब्द यायचा. लोक थांबायचे आणि ते तो शब्द स्वतःच परतवून नवा शोधायचे. "हर्रास" मात्र पुन्हा आला नाही. कोकिळाबाईंनी आठवण करून दिली तर ते कोऱ्या चेहऱ्याने बघायचे.

सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी मामाचा जुना संघ आणि नवा संघ समोरासमोर आले. इथे आता टीव्हीला आवाज होता, पण इंग्रजी बोलणं दोघांनाही कळत नव्हतं. मामा लाल कपड्यांत आला. आल्या आल्या त्याने जुन्या सोबत्यांना मिठ्या मारल्या, आणि खेळ बघायला आलेल्या लोकांनी उभं राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. ते कोणाच्या बाजूचे होते, देव जाणे.

"अहो, आता आपले कोणते?" कोकिळाबाईंनी विचारलं. "हे का ते?"

तोताराम विचारात पडले. मामा बॅट घेऊन उभा राहिला, पहिला चेंडू गेला, दुसरा गेला. मग ते बायकोकडे वळले.

"तू सांग," ते म्हणाले.

कोकिळाबाईंनी नुसतं पडद्यावरच्या मामाकडे बोट केलं.