चोवीस कपांसाठी अठ्ठावीस

बावीस वर्षं मी मातीची भांडी घडवतेय. अकरावीतल्या भाचीने मला भट्टी भरायला शिकवावं, हे मला मुळीच रुचलं नाही.

परवा सकाळी चहाच्या नव्या दुकानाच्या मालकीणबाईंना चोवीस कप द्यायचे होते. आधीच्या गिऱ्हाइकाला एक कप कमी पडला आणि तो जो गेला तो गेलाच. या बाईही गेल्या असत्या तर मला गाशा गुंडाळावा लागला असता. आणि तोवर भट्टी एकदाच लावता येणार होती.

"दोन जादा ठेवलेत," मी म्हणाले. "सरासरी दोनच तडकतात."

भाचीला घरात सगळे 'शंका' म्हणतात, ते उगाच नाही. दर भट्टीनंतर तडकलेल्या कपांचा आकडा मी दारामागे खडूने लिहिते. तिथले वीस आकडे तिने वहीत उतरवून घेतले होते.

"आत्या, दोनदा एकही तडकला नाही. पाचदा एक, आठदा दोन, चारदा तीन, एकदा चार. सरासरी एक पूर्णांक पंच्याऐंशी, म्हणजे तुझा अंदाज बरोबरच आहे. पण विसांतल्या पाच भट्ट्यांत दोनपेक्षा जास्त तडकलेत. चारातली एक भट्टी तुला तोंडघशी पाडणार."

"मग काय करू?"

"चार जादा ठेव."

जागा कुठे होती? आणखी दोन कप घालायचे तर माझी फुलदाणी बाहेर काढावी लागणार होती. महिनाभर जीव ओतला होता तिच्यात. मी पोरीवर डाफरले, मग दारामागे जाऊन स्वतः आकडे मोजले. पाचच भरले. फुलदाणी बाहेर काढली आणि तिच्या जागी दोन कप ठेवले.

भट्टी निवल्यावर एकेक कप बोटाने वाजवून पाहिला. तीन बद्द वाजले, म्हणजे तडकलेले. पण बाकीचे पंचवीस खणखणीत होते. दोनच जादा ठेवले असते तर तेवीसच हाती आले असते. मला अक्षरशः नाचावंसं वाटलं.

"जिंकलीस गं," मी म्हणाले.

"एकही तडकला नसता तरी मी चारच सांगितले असते," ती म्हणाली. "भट्टी लावायच्या आधीच आपण बरोबर होतो."

मालकीणबाई चोवीस कप घेऊन गेल्या, वर पुढच्या महिन्यासाठी साठ सांगून गेल्या. उरलेल्या कपात मी भाचीला चहा दिला आणि साठांवर किती जादा ठेवायचे ते तिला विचारलं. भट्टीबद्दल आजवर मी कुणाला काही विचारलं नव्हतं. विचारताना कमीपणा वाटला नाही, ऊर भरून आला.