ओरडणारा मिक्सर, मुकी शेगडी

पस्तीस वर्षं छापखान्यात काढलेल्या सासऱ्यांचा विजेबद्दल एकच सिद्धांत होता: जे ओरडतं ते खातं. तिथं मोठं मशीन गरजायचं आणि मालक बिलाच्या नावानं बोंबलायचा, तेव्हा सिद्धांत पक्का झाला. निवृत्त होऊन ते घरी बसले, पहिल्याच महिन्यात बिल फुगलं, आणि त्यांनी मिक्सर उचलून कपाटात कोंडला. किल्ली चष्म्याच्या दोरीला.

वाटण सुनेच्या हातावर आलं. सासूबाईंचे दात गेलेले, त्यामुळे घरात जवळजवळ सगळंच वाटून लागायचं. हाताचं बिल येत नाही, म्हणून हात फुकट. असल्या हिशोबावर किती घरं उभी आहेत, आणि वर काटकसरीचा तोरा मिरवतात.

सून मोटर भरायच्या कारखान्यात होती. जळलेल्या मोटरीतली तार उपसायची, नव्या तांब्याच्या तारेचे वेढे घालायचे. सगळं काम मनगटाचं. दीड महिना खलबत्ता कुटून मनगट सुजलं आणि वेढे सैल पडायला लागले. मुकादमानं सरळ सांगितलं, आठवड्यात हात सुधारला नाही तर खोकी बांधायला जा. खोकी बांधण्यात कमीपणा नव्हता. पण मेलेली मोटर तिच्या हातून फिरायला लागली की तिला मूल पहिलं पाऊल टाकताना बघितल्यासारखं व्हायचं. ते ती कुणाला देणार नव्हती.

नवरा ‘बाबांच्या तोंडी कोण लागणार’ म्हणून मोकळा झाला. तेव्हा सुट्टीच्या दिवशी सकाळी तिनंच सासऱ्यांना मीटरपुढं खुर्ची मांडून दिली. घरातलं सगळं बंद केलं, अगदी फ्रीजसुद्धा. मीटरवरचा लाल दिवा जितका लुकलुकेल तितकी वीज गेली, हे त्यांना समजावलं. मिक्सर एक मिनिट चालेल, मग त्यांची दूध तापवायची इलेक्ट्रिक शेगडी एक मिनिट. घड्याळ सासूबाईंच्या हातात.

“मिक्सरनं जास्त खाल्लं तर जन्मभर कुटेन,” सून म्हणाली. “शेगडीनं जास्त खाल्लं तर किल्ली माझी.”

सासरे हसले. हरणाऱ्या माणसाला असतो तसला भक्कम विश्वास त्यांना होता.

मिक्सर किंचाळला. सासऱ्यांनी बोटांवर सत्तावीस मोजले आणि विजयी मुद्रेनं बायकोकडं बघितलं. मग शेगडी लागली. ना आवाज, ना हालचाल, बिचारी गरीब गाय. दिवा मात्र वेड्यासारखा डोळे मिचकावायला लागला. साठाच्या पुढं सासऱ्यांचा आवाज बसला. ऐंशीला सासूबाई ‘झालं’ म्हणाल्या.

मीटरच बिघडलंय, म्हणाले. पुन्हा मोजलं, पुन्हा ऐंशी. मग त्यांचा संशय मीटरवरून उठून शेगडीवर गेला. तिसऱ्यांदाही आकडा हलला नाही.

सुनेनं सुजलेला हात पुढं केला. आपल्याला रोज मिक्सर चारच मिनिटं लागतो, ती म्हणाली. शेगडी किती वेळ चालू असते?

उत्तर सासूबाईंनी दिलं.

“हे निवृत्त झाल्यापासून? सकाळी पाऊण तास, दुपारी पाऊण तास. दूध गार होऊ नये म्हणून. अहो, दूध तुम्ही पिता आणि बिल आम्ही पितो.”

सासऱ्यांनी त्या हाताकडं बघितलं. मग चष्म्याच्या दोरीची गाठ सोडली.

“सूनबाई, चुकलो,” एवढंच म्हणाले. हे दोन शब्द त्या घरातल्या पुरुषानं पहिल्यांदाच उच्चारले असावेत. थोड्या वेळानं हळूच म्हणाले, “लाव ना अजून एकदा.”

तिनं मिक्सर लावला. सासऱ्यांनी झाकणावर तळहात ठेवला, डोळे मिटले. पस्तीस वर्षं गरजणाऱ्या मशीनपाशी उभा राहिलेला माणूस अडीच महिने मुक्या घरात बसला होता. त्यांच्या ओठांवर हसू फुटलं.

आठवडा संपायच्या आत सुनेचे वेढे घट्ट बसले आणि मुकादमानं खोक्यांचं नाव पुन्हा काढलं नाही. किल्ली तिच्याकडं आहे, पण ती लागत नाही. शेगडी दूध उतू जायच्या आधीच बंद होते, तिच्या तापलेल्या तबकडीवर ते पुढं आपोआप गरम राहतं. आणि वाटण सासरे करतात, सगळ्याचंच.

परवा सासूबाई ताटली हातांनी झाकून बसल्या होत्या.

“अहो, केळं तरी सोडा,” म्हणाल्या. “ते मला अजून चावता येतं.”