बाबांच्या होडीतलं डांबर

आमच्या घराच्या पायरीवर तेलाची बाटली आणि चिंधी कायम असते. किनाऱ्यावरून येणाऱ्याने आधी तळव्यांना तेल चोळायचं, चिकटलेलं डांबर पुसायचं आणि मगच आत यायचं. ही शिस्त वहिनीची.

समुद्रात तेलाची रिग उभी राहिली आणि हे डांबर सुरू झालं, असं दादाचं ठाम मत. दादा होड्या दुरुस्त करतो. किनाऱ्यावर त्याच्या शब्दाला वजन आहे. त्यामुळे त्याच्या लेकीने, माझ्या पुतणीने, त्याच रिगवरच्या फिटरशी लग्न केलं, तेव्हा या घराचा उंबरा तुला बंद, असं त्याने तिला चारचौघांत सांगितलं. मी चाचरत म्हणालो होतो, की समुद्राच्या तळाला भेगा असतात, तिथून तेल आपसूक झिरपतं, लाटांबरोबर त्याच्या गोळ्या होऊन येतात, असं वाचलंय. दादा म्हणाला, पुस्तकावर पाय देऊन बघ, चिकटतं का. सगळे हसले. मीही हसलो. न जाणो, पुस्तकातच चूक असायची.

यंदा बाबांची जुनी होडी मोडीत काढायची, असा धोशा वहिनीने लावला. बाबा गेल्यापासून ती शेडमध्ये पालथी पडून होती. आणि बाबा गेले तेव्हा रिगचं कुणी नावही ऐकलं नव्हतं. होडी मोडायला दादाचं मन होईना. डागडुजी करून बघतो म्हणाला आणि फळ्यांच्या सांध्यात त्याने पटाशी घातली.

आतून काळं, चिवट डांबर वर आलं. त्यात वाळू होती, शिंपल्यांचा चुरा होता. विकतच्या डांबरात शिंपले कुठले? बाबांनी ते किनाऱ्यावरून वेचून, तापवून भरलं होतं. दादाने ते बोटांत मळलं, हुंगलं. माझ्याकडे काही त्याने पाहिलं नाही.

वहिनी चहा घेऊन आली होती. तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

"बोलावू तिला?" तिने विचारलं.

"बोलावून काय सांगू?" दादा म्हणाला. "डांबर तुझ्या आजोबांच्या वेळेपासूनचं आहे, मी तुला उगाच हाकललं?"

"हो. एवढंच."

"लोक तोंडात शेण घालतील."

"म्हणजे तुमच्या तोंडासाठी पोर बाहेर."

वहिनीने चहाचे कप तसेच ठेवले आणि ती निघून गेली.

दादाने मग एकेक सांधा खरवडून कोरा केला. निघालेलं डांबर पाटीत भरून, पाण्यात जाऊन ओतून आला. ते परत किनाऱ्यालाच लागेल, असं मी म्हणालो.

"लागू दे. रिगवाल्यांचं म्हणून सांगायचं."

आम्ही घरी आलो. माझ्या पायांत बूट होते, ते काढून मी आत गेलो. दादा पायरीवर थबकला. बाटली नव्हती. वहिनीही नव्हती, तिची पिशवी खुंटीवर नव्हती, म्हणजे ती लेकीकडे गेली होती.

तो खाली बसला आणि कोरड्या चिंधीने तळवे घासू लागला. डांबर निघेना, नुसतं पसरत गेलं. तेलाचा डबा स्वयंपाकघरात होता, माझ्या हाताशी. त्याने मागितला नाही. मीही नेऊन दिला नाही.