बोटभर फट
मनिषभाऊजींनी डहाणू रोडहून जुनी ऑटोमॅटिक गाडी आणली, तेव्हापासून झरी गावात त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. गिअरबॉक्स तापायला लागला, तसा त्यांनी गॅरेजवाल्यांना शिव्या घालत इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला पोहोचवणारा नवा टॉर्क कन्व्हर्टर आणि गिअरचं तेल गार ठेवणारा कूलर मागवला आणि मोबाइलवर व्हिडिओ बघत अंगणातच काम काढलं.

त्यांची मेहुणी शितल तलासरीच्या एका कारखान्यात पंप जोडायची. रविवारी बहिणीकडे आली होती, तिने गाडीखाली वाकून पाहिलं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बोटभर फट होती.

“भाऊजी, कन्व्हर्टर पूर्ण आत बसला नाहीये. बोल्ट आवळू नका, गिअरबॉक्समधला तेलाचा पंप फुटेल.”

“तू भाकऱ्या बघ जा,” म्हणत ते पान्याला लटकलेच.

कडकन आवाज आला. पंप फुटला. भाऊजींनी लगेच कूलर विकणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली. कूलर अजून खोक्यातच होता. शितलला त्यांची कीवसुद्धा आली नाही.

पुढच्या रविवारी नवा पंप आणून ते मुकाट बाजूला उभे राहिले. शितलने पंप बसवला आणि कन्व्हर्टर हाताने फिरवत आत ढकलला. तीनदा खट् वाजलं तेव्हा कुठे तो बसला. मग तिने फट न ठेवता गिअरबॉक्स इंजिनाला जोडला आणि रेडिएटरपुढे कूलर लावून नळ्या जोडल्या. गाडी चालली.

संध्याकाळी ओटीवर भाऊजी शेजाऱ्यांना सांगत होते, “तीन खटके ऐकावे लागतात. सगळ्यांना नाही जमत.”

असल्या माणसाला खोटं पाडायला तोंड तरी कशाला विटाळायचं, म्हणून शितल हात धुऊन तलासरीच्या जीपकडे निघाली.