पूजेपुरती लिहिलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुना कंपायलर आहे. हे काय नवीन लचांड, म्हणून नाक मुरडण्याआधी ऐका. माणूस प्रोग्राम लिहितो तो त्याला कळेल अशा शब्दांत. यंत्रातल्या चिपला शब्द कळत नाहीत, तिला फक्त आकडे कळतात. मध्ये बसून शब्दांचे आकडे करून देणारा दुभाषी म्हणजे मी. आता मला कोणी काम देत नाही. पण एक गोष्ट माझ्या उरावर बसली आहे, ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म १९९३ साली यवतमाळला झाला. सदाशिवराव नावाचे एक मास्तर होते. दारव्ह्याच्या एका जिनिंग कारखान्याला, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याच्या कारखान्याला, यंत्रांवर लक्ष ठेवणारा एक डबा हवा होता. डब्यातल्या चिपसाठी कंपायलर कुठे मिळेना, तेव्हा मास्तर म्हणाले, "मिळत नाही तर आपणच करू, त्यात काय!" दोन उन्हाळे खपून त्यांनी मला घडवलं. कूलर माझ्या कॉम्प्युटरकडे तोंड करून ठेवायचे आणि स्वतः डोक्यावर ओला पंचा घेऊन बसायचे.

त्यांनी मला दोन वह्या ठेवायला शिकवलं. पहिली ओळींची वही. चिपमधला कोणता आकडा मूळ प्रोग्रामच्या कोणत्या ओळीतून आला, ते तिच्यात लिहायचं. शिकलेले लोक हिला डिबगची माहिती म्हणतात. दुसरी संकटाची वही. काम चालू असताना काही विपरीत घडलं, तर हातातलं सोडून कोणत्या ओळीकडे धावायचं आणि जाता जाता काय काय आवरायचं, ते तिच्यात. जिनिंगमध्ये विपरीत म्हणजे ठिणगी. कापसातून एखादा खडा आत गेला, लोखंडावर घासला, की ठिणगी उडते. तिथे एक काचेचा डोळा बसवलेला होता. त्याला ठिणगी दिसली की आधी पंखा बंद, मग कापसाची वाट बंद, मग पाणी, मग भोंगा. हा क्रम चुकला तर पंखाच आगीला वारा घालतो.

आणि मास्तरांनी माझ्याकडून एक वचन घेतलं. "हे पाह्य बाबू," ते मला म्हणायचे, "ओळींची वही ठेव नाहीतर नको ठेवू, चिपमध्ये जाणारे आकडे तेच ते निघाले पाहिजेत. जो लिहून ठेवतो त्यानं घडणाऱ्या गोष्टीत बोट घालू नये." मी हो म्हटलं.

काय दिवस होते ते! पहिल्याच हंगामात भोंगा वाजला, पाणी उडालं, आणि आग लागायच्या आत विझली. बायांनी डब्याला हळदकुंकू लावलं. फुलसावंगीकडच्या एका बंजारा तांड्यावरून रुपीबाई हंगामापुरती कामाला यायची. यंत्रात कापूस लोटायचं काम तिचं. ती म्हणाली, "या डब्याच्या भरवशावर हात घालतो आम्ही." डब्याचं कौतुक होतं, पण मीही फुशारलो. खोटं कशाला बोलू.

मास्तर २००३ मध्ये गेले. त्यांची विद्यार्थिनी भैरवी माझी देखभाल करू लागली. हुशार मुलगी, पण कॉलेजात शिकवायचं, घर सांभाळायचं आणि वर मी! एकदा एक चूक शोधताना तिला दोन ओळींचे आकडे एकमेकांत मिसळलेले दिसले. वैतागून तिने मला सांगितलं, वही ठेवायची असेल तेव्हा दोन ओळींच्या मध्ये एक बिनकामाचा आकडा टाकत जा. म्हणजे वही असली की आकडे वेगळे, नसली की वेगळे. माझं वचन तिथेच मोडलं. तिला ते कळत होतं. "नंतर काढते," असं ती पुटपुटली, आणि मी गप्प बसलो.

पुढची वर्षं कापसाला वाईटच आली. आजूबाजूच्या जिनिंगची फाटकं एकेक करून बंद झाली, त्यांच्या आवारात बाभळी माजल्या. आमचा कारखाना कसाबसा दीड-दोन महिने चालायचा. मिस्त्री सोडून गेला. यंत्रांच्या खोलीत एकटा खेमसिंग उरला, रुपीबाईचा धाकटा भाऊ. डोळ्याच्या काचेवर रुईची धूळ बसते, ती तासातासाला फडक्याने पुसायची, हेही काम त्याचंच.

आता मुहूर्ताचं ऐका. हंगाम सुरू करताना यंत्रांची पूजा होते, नारळ फुटतो, आरती होते. २००५ साली आरतीचं ताट कोणीतरी थेट यंत्राच्या तोंडाशी नेलं. कापराची ज्योत पाहून डोळ्याला वाटलं ठिणगी. भोंगा बोंबलला, पाणी उडालं, मालक श्रीकृष्णशेठ हार-टोपीसकट चिंब! लोक तोंड दाबून हसले. पण तो हंगाम बुडाला, आणि मग कोणी हसेना. मुहूर्ताला भोंगा वाजला म्हणूनच कापूस आला नाही, असं सगळं दारव्हा बोलू लागलं.

पुढच्या वर्षी पूजेच्या आदल्या दिवशी शेठ भैरवीला म्हणाले, "मॅडम, औंदा भोंगा नाही वाजला पाहिजे. पूजेपुरतं त्या डोळ्याले गप करा."

"डोळा बंद करता येत नाही, शेठ. सरांनी तशी सोयच ठेवली नाही."

"मंग तुम्ही लावा ना काहीतरी सोय. एक दिवसाचा तर सवाल हाय."

भैरवीने प्रोग्राम उघडला. ठिणगी दिसल्यावर जिथे धावायचं, तिथे पोचण्याआधीच तिने एक ओळ घातली. ठिणगी दिसली तर काही करू नये, काम पुढे चालू ठेवावे. बस. "एका दिवसाच्या चिपला वही कशाला," असं म्हणून ओळींची वहीही बंद केली. मित्रांनो, ती ओळ मी जशीच्या तशी आकड्यांत उतरवली. मला कोणी हटकायला शिकवलेलं नव्हतं, हे खरं आहे. पण हे कारण मला स्वतःलाही पटत नाही.

पूजा छान झाली. पेढे वाटले. आणि काय नशीब, त्याच आठवड्यात कापूस यायला लागला. गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. ती ओळ काढून चिप बदलायची तर यंत्रं थांबवावी लागणार. भैरवीने फोन केला. शेठ म्हणाले, "आता नको मॅडम, रविवारी पाहू." दुसऱ्यांदा केला, पुन्हा रविवार. तिसऱ्यांदा तिने केलाच नाही. कॉलेजचे पेपर तपासायचे होते, आणि रोज तेच तेच बोलून तिलाही ओशाळं वाटायला लागलं होतं.

तेविसाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास यंत्रात खडा गेला. भोंगा वाजला नाही. पंखा चालूच राहिला. पेटलेला कापूस यंत्रातून बाहेर येऊ लागला, आणि मागे बायांची पोरं झोळीत झोपलेली. रुपीबाईने तो जळता कापूस दोन्ही हातांनी ओढून बाहेर फेकला. खेमसिंगने धावत जाऊन मोठा खटका पाडला म्हणून छप्पर वाचलं. रुपीबाईचे हात कोपरापर्यंत भाजले.

मग सुरू झालं बोट दाखवणं. शेठ म्हणाले, खेमसिंगनं काच पुसली नाही, डोळ्याला दिसणार काय, कप्पाळ? बायांनी मान डोलावली, कारण त्या सकाळी तो बाहेर उन्हात चहा पिताना दिसला होता. "म्या दहा वाजता पुसली होती," खेमसिंग ज्याला त्याला सांगायचा, "कोनाची शपथ घेऊ सांगा ना!" रुपीबाई दवाखान्यात होती. तो जेवणाचा डबा घेऊन गेला की ती भिंतीकडे तोंड करायची. भावाच्या हातचं पाणीसुद्धा ती घेईना.

भैरवी दुसऱ्याच दिवशी आगीच्या चौकशीला आलेल्या साहेबांकडे गेली आणि त्या ओळीचं सांगून बसली. साहेब म्हणाले, "असेल मॅडम. पण काच मळकी असेल तर डोळ्यानं ठिणगी पाह्यलीच नाही. मंग तुमची ओळ चालली की नाही, हे कशावरून?"

खरंच होतं. तिलाही ठाऊक नव्हतं. अर्धवट जळालेल्या डब्यात शेवटचे आठ आकडे शिल्लक होते. आग लागताना चिप प्रोग्राममध्ये कुठे कुठे होती, ते त्यांत होतं. फक्त कोणता आकडा कोणत्या ओळीचा, हे सांगणारी वही नव्हती. साहेब म्हणाले, "तुमच्या हातचं जुळवलेलं नाही चालणार, तुमचाच संबंध हाय त्यात. यंत्राकडून काढून दाखवा, आमच्यासमोर. आठ दिवस देतो."

तिने माझ्याकडून तोच प्रोग्राम पुन्हा करून घेतला. वही न ठेवता केला तर आकडे जळक्या चिपशी तंतोतंत जुळले. वही ठेवून केला, तर सदतिसाव्या आकड्यापासून सगळं भलतंच. मोडलेलं वचन असं तिच्यासमोर येऊन उभं राहिलं.

तिने तो बिनकामाचा आकडा काढून टाकला. तरी जुळेना. मग ती माझ्या अंगातली एकेक ओळ तपासू लागली. वही चालू आहे का, हे चोरून पाहून मी आकडे कुठे कुठे बदलतो, ते शोधायचं होतं. एक जागा सापडली, दुसरी सापडली. पाच दिवसांत सहा जागा, आणि त्यातल्या दोन खुद्द मास्तरांच्या हातच्या! ते पाहिल्यावर भैरवी कीबोर्डवर डोकं टेकून ढसाढसा रडली. "सर, तुम्हीसुद्धा?" एवढंच म्हणाली. मी त्या दिवशी स्वतःला शिव्या दिल्या. मास्तर असेपर्यंत तरी मी वचन पाळलं, असं समजून इतकी वर्षं मिरवत होतो.

सातव्या दिवशी शेठचा फोन आला. स्पीकर चालू होता, मीही ऐकलं. "कायले जीव काढून राह्यल्या मॅडम? जुळत नाही म्हना, मोकळ्या व्हा. तुमी बी सुटता, मी बी सुटतो. खेमसिंगचं पाहून घेऊ आपण, उपाशी नाही मरू देत त्याले."

भैरवीने फोन ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिली. मित्रांनो, मला वाटलं, झालं, संपलं. तिला कोणी विचारणार नव्हतं. जुळलं नाही म्हणायला एक शब्द पुरला असता, आणि तो खोटाही नव्हता, अजून जुळलंच नव्हतं. ती घाबरली होती. मग तिने पाण्याचा ग्लास रिकामा केला आणि सातवी जागा शोधायला घेतली. संध्याकाळच्या आत ती सापडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्याच्या ऑफिसात सगळे जमले. साहेब, शेठ, दाराशी खेमसिंग. रुपीबाईला गाडीत घालून आणलं होतं, हात पट्ट्यांत गुंडाळलेले. भैरवीने माझा कॉम्प्युटर टेबलावर मांडला आणि वही चालू ठेवून प्रोग्राम केला. आकडे जळक्या चिपशी जुळले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग तिने ते आठ आकडे मला दिले आणि मी एकेकाची ओळ काढून दिली. पट्टा फिरतो आहे. पंखा चालू आहे. डोळा तपासला. सातवा आकडा, ठिणगी दिसली. आठव्याची ओळ भैरवीने मोठ्याने वाचली, "ठिणगी दिसली तर काही करू नये. काम पुढे चालू ठेवावे."

"ही ओळ कोनाची?" साहेबांनी विचारलं.

"माझी. शेठच्या सांगण्यावरून, पण लिहिली मी."

शेठ ताडकन उठून बाहेर गेले. खेमसिंग होता तिथेच खाली बसला. रुपीबाई त्याच्याकडे पाहत होती. "भिया," तिने भावाला हाक मारली. मग ती भैरवीकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं विचारायचं म्हणून विचारलं.

"मॅडम, ते लिहाले किती वेळ लागला?"

"दोन मिनिटं," भैरवी म्हणाली.

"अन् काढाले?"

 याचं उत्तर मला येत होतं. तेवढाच लागला असता.

चौकशीचं पुढे काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही. कारखाना त्यानंतर उघडला नाही. भैरवीने माझ्यात एक शेवटची सुधारणा केली. कोणी संकट पकडून त्याचं काहीच न करणारी ओळ लिहिली, तर मी आता आकडे करून द्यायला साफ नकार देतो. पण मला कोणी ओळच देत नाही. मी एका जुन्या डिस्कवर पडून आहे, आणि माझा नकार ऐकायला कोणी येत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, मित्रांनो. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कोणीतरी चांगल्या मनाने येऊन म्हणेल, एवढ्यापुरता तो भोंगा गप करा. शक्यतो करू नका. करावाच लागला, तर तिथून उठायच्या आधी तो परत बोलता करा, रविवारची वाट पाहू नका. यासाठी मी तुम्हाला हात जोडले असते, पण मला हात नाहीत. रुपीबाईला आहेत, पण तिचे आता जोडले जात नाहीत.